वाळ्याच्या तेलातलं तांबं

मी विद्यापीठात कसलं तरी संशोधन करते, एवढंच आमच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. कसलं, ते सांगायचा प्रयत्न मी बऱ्याचदा केला होता. पाण्यात विरघळलेला धातू असतो, तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्या पाण्यावर एक तेलकट द्रावण ओतायचं, दोन्ही तोटीच्या काचेच्या नरसाळ्यात घालून खळाखळा हलवायचं आणि स्टँडला लावून ठेवायचं. तेल वर येतं, पाणी खाली बसतं, आणि सगळं जमून आलं तर मधल्या मधे पाण्यातला धातू तेलात गेलेला असतो. मग तेलातून तो पुन्हा दुसऱ्या स्वच्छ पाण्यात उतरवायचा.

अब्बा शांतपणे ऐकून घ्यायचे.

"म्हंजे हिकडनं तिकडं."

"होय."

"आन तिकडनं परत हिकडं."

"तसंच."

"मग हिकडंच ऱ्हाऊ दे की त्याला. कशाला दमवतीस?"

बाकीची घाण पहिल्या पाण्यात राहते आणि हवा तो धातू तेवढा सुटा होतो, हे मी सांगायचे. ते मान हलवायचे, पण त्यांना ते पटलेलं नाही हे मला दिसायचं. अम्मीला तर फक्त माझ्या कपड्यांची काळजी होती. मी वापरत होते त्या रसायनाला शिळ्या मासळीसारखा वास यायचा. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईंनी मला सरळ विचारलं होतं, "बोंबील घिऊन चाललाय का ओ?"

अब्बांचा धंदा कल्हईचा. शिवाजी पेठेत आमचं छोटं दुकान, मागं फरशीचं अंगण, वर राहायच्या दोन खोल्या. तांब्यापितळेची भांडी कोळशावर तापवायची, नवसागर टाकून पुसायची आणि आतून कथलाचा पांढरा हात फिरवायचा. आजोबांपासून आमच्या घरात हेच चाललेलं. आता घरोघरी स्टील आलं, नॉनस्टिक आलं, त्यामुळं अब्बांचा भाता दुपारनंतर गप्पच असायचा. ते तक्रार करत नसत. दुकानाच्या पायरीवर बसून तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांशी सामन्यांवर वाद घालत आणि जिंकत.

माझ्या गाईड मॅडमना दोन गोष्टींचं वेड होतं. एक धातू, दुसरं वनस्पतींची सुगंधी तेलं. प्रयोगशाळेत खिडकीच्या बाजूचं टेबल तेलवाल्यांचं. तिथं गवती चहा, निलगिरी, तुळस असलं काही ना काही उकळत असायचं. भिंतीकडचं टेबल आम्हा धातूवाल्यांचं, मासळीबाजाराचं. मॅडम दिवसभर दोन टेबलांच्या मधे येरझाऱ्या घालायच्या, मोठ्यानं बोलायच्या, मोठ्यानं हसायच्या. कॉरिडॉरच्या टोकाला त्यांचा आवाज आला की आम्ही चहाचे कप लपवायचो.

मॅडमच्या भावाची शेती गडहिंग्लजजवळ. माती धुपू नये म्हणून त्यानं बांधावर वाळा लावलेला. पाइपलाइनसाठी एक बांध खणायला निघाला तेव्हा सुगंधी मुळ्यांचा ढीग निघाला, आणि मॅडमनी फोनवरच त्याला तंबी दिली की एक मुळी फेकलीस तर बघ. दोन पोती एसटीनं आली. स्टँडवरून ती आणायला मी गेले, तर कंडक्टर म्हणाला, "ताई, वासानं गाडी पुसून काढल्यागत झालीया. उद्या पण पाठवा."

पण आमचं काचेचं उपकरण हाताएवढं. मूठभर मुळ्या उकळल्या तर दिवसाच्या शेवटी नळीत चारदोन थेंब. वाळ्याचं तेल सहज निघत नाही, मुळ्या तासन्‌तास उकळाव्या लागतात. मॅडमना तेलाचे सगळे घटक वेगळे करून बघायचे होते आणि त्यासाठी निदान एखादी बाटली तरी तेल हवं होतं. खिडकीच्या टेबलावरची दोघंही परीक्षेच्या कामात अडकलेली.

"मोठं भांडं पाहिजे," मॅडम पोत्यांकडं बघत म्हणाल्या. "झाकणाला नळी जोडलेलं. तुझे वडील भांड्यांचंच काम करतात ना गं?"

"कल्हई करतात, मॅडम."

"मग विचार की त्यांना."

मी घरी येऊन विचारलं. अब्बा जेवत होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "देग हाय की आपली."

ती देग म्हणजे आजोबांच्या वेळची तांब्याची, लग्नाची बिर्याणी शिजवायची. आता सगळे ॲल्युमिनियमची पातेली भाड्यानं आणतात, म्हणून ती जिन्याखाली पालथी पडलेली. दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठातून परत आले तेव्हा ती अंगणात उभी होती, आतून नवी कल्हई होऊन चांदीसारखी. अब्बा जमिनीवर कोळशानं चित्र काढत होते.

"वाफ हितनं वर जाणार. मग हितनं वळणार. मग ह्या पिंपातल्या गार पाण्यातनं फिरून खाली येणार. बराबर?"

"बरोबर."

"किती येढं घालू नळीला?"

मला नक्की माहीत नव्हतं. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, जितके जास्त तितके चांगले, पण पिंपात मावायला हवेत. मग फोन अब्बांनी घेतला आणि पुढचा अर्धा तास ते दोघंच बोलत होते. मॅडम त्यांना मिस्त्री म्हणत होत्या. अब्बा मधेच "न्हाय न्हाय मॅडम, तसं गळतंय," म्हणत होते, आणि पलीकडून मॅडमचं हसणं मला लांबून ऐकू येत होतं.

तो आठवडा आमच्या घरात ईदेच्या आधीच्या दिवसांसारखा गेला. अब्बांनी तांब्याचा पत्रा ठोकून उंच मानेचं झाकण केलं. नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि ती एका लाकडी ओंडक्याभोवती हळूहळू गुंडाळली. पहिली नळी तरीही तिसऱ्या वळणावर मुडपली. त्यांनी एक शिवी हासडली, मी तिथंच आहे हे लक्षात आल्यावर खोकले आणि दुसरी घेतली. ती मात्र जमली. वेढे इतके सारखे की तालमीची पोरं थांबून हात लावून बघायची.

रविवारी सकाळी आम्ही चूल पेटवली. मुळ्या आदल्या दिवसापासून भिजत घातलेल्या, अम्मीनं आणि मी विळीवर बारीक केलेल्या. मॅडम मोपेडवरून आल्या, पुढं थर्मास, मागं घडीची खुर्ची बांधलेली. पाणी उकळायला लागलं आणि झाकणाच्या कडेनं सगळीकडून वाफ फुसफुसायला लागली.

"मी टेप आणलीय," असं म्हणत मॅडमनी पर्समधून पांढऱ्या टेपचं रीळ काढलं.

"ती ह्या कडंला न्हाय चालणार, मॅडम," अब्बा म्हणाले आणि जिन्याकडं तोंड करून ओरडले, "कणिक मळून आण गं."

बिर्याणीला दम देताना लावतात तसा अम्मीनं झाकणाभोवती कणकेचा वेढा लावला. वाफ थांबली. फक्त नळीच्या सांध्याशी अजून गळत होतं. तिथं कणीक राहीना, तर मॅडमची टेप बसली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही खूश झाले.

दुपारपर्यंत वास अंगणातून बोळात गेला आणि बोळातून पेठेत. कोरड्या ढेकळावर पाणी शिंपडल्यासारखा, पण त्याहून खोल. शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, "कुणाचा कूलर फुटला काय रं?" त्या दिवशी मैदानावर मॅच होती. झेंडे घेऊन चाललेली पोरं आमच्या दारात थबकली, आत डोकावली आणि त्यातल्या एकानं विचारलं, "चाचा, काय शिजतंय?"

"मुळ्या," अब्बा म्हणाले.

"आन खायाला कवा?"

"मॅच जिंकून या, मग सांगतो."

नळीच्या टोकाखाली ठेवलेल्या बरणीत पाणी साठत होतं. पण ते पाणी नुसतंच दुधट दिसत होतं, तेल काही वेगळं होईना. मॅडमनी बरणी उन्हात धरून बघितली. थोडे थेंब वर तरंगत होते, थोडे तळाला बसले होते, आणि बरेचसे मधेच लटकलेले. वाळ्याच्या तेलाचं वजन जवळपास पाण्याएवढंच. त्याला वर जावं की खाली, तेच कळत नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि मिठाचा डबा घेऊन आले. पाण्यात मीठ विरघळलं की पाणी जड होतं, एवढा साधा विचार. मी मूठ मूठ मीठ टाकत गेले, हळूहळू ढवळत गेले. मधे अडकलेले थेंब एकमेकांना चिकटून वर यायला लागले. तळातलेही उठले. थोड्या वेळानं पाण्यावर तेलाचा जाडसर थर पसरला.

मॅडमनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. त्यांचं कौतुक असंच असायचं.

मग त्या थांबल्या. खाली वाकून त्यांनी तेल नीट बघितलं.

"हे हिरवं का आहे?"

तोवर माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. काचेच्या उपकरणातले थेंब मधासारखे तांबूस होते. हे तेल मात्र हिरवंगार, पाचूच्या खड्यासारखं. दिसायला देखणं, पण आम्हाला हवं होतं ते शुद्ध तेल नव्हे.

"तांबं उतरलंय," मॅडम म्हणाल्या. त्या सहज बोलल्या, त्यात राग नव्हता. पण अब्बांच्या कानावर ते पडलं. ते चुलीतली लाकडं मागं ओढत होते. ते उठले, देगीत डोकावले. आतली कल्हई शाबूत होती. मग त्यांनी नळीला हात लावला.

"आतनं कल्हई न्हाय हिला," ते म्हणाले. "नळीच्या आत हात कसा घालणार. माझ्या ध्येनातच न्हाय आलं."

ते पायरीवर जाऊन बसले. मॅडमनी त्यांना परोपरीनं सांगितलं की मिस्त्री, माझ्याही ध्यानात आलं नाही, मी तर शिकवते हेच. अब्बा "व्हय, व्हय," म्हणत राहिले. अम्मीनं चहा दिला, तो तसाच निवला. आठवडाभर ज्या माणसाला मी भात्यासमोर गुणगुणताना बघितलं होतं, तो आता आपल्या तळव्यांकडं बघत बसलेला. मुलीचं काम आपल्या हातानं नासलं, असं त्यांना वाटतंय, हे मला न सांगता कळलं.

मी बरणी हातात घेऊन उभी होते आणि माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. पाण्यातून तांबं तेलात न्यायला मी कित्येक महिने ते घाणेरडं रसायन वापरत होते. आणि इथं या तेलानं ते आपलं आपण उचललं होतं. वाळ्याच्या तेलात मुळातच थोडं आम्ल असतं. नळीच्या आतला काळपट थर त्या आम्लात विरघळला असणार. म्हणजे जे चढलं, ते उतरवताही येणार. माझं रोजचं काम तेच तर होतं.

"अब्बा," मी म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर या."

"कुठं?"

"लॅबमध्ये."

ते मला रोज सकाळी गेटपर्यंत सोडायला यायचे, पण आत कधी आले नव्हते. तिथं आपलं काय काम, असं म्हणून स्कूटर वळवायचे. त्या सोमवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. जिना चढताना त्यांनी कठड्याची पितळी पट्टी बोटानं घासून बघितली.

मी हिरवं तेल नरसाळ्यात घेतलं. ते घट्ट होतं, म्हणून त्यात थोडं द्रावक घालून पातळ केलं. वर टार्टारिक आम्लाचं स्वच्छ पाणी ओतलं. ते लगेच तेलाखाली गेलं. वर हिरवं, खाली काचेसारखं पाणी. बूच लावून नरसाळं त्यांच्या हातात दिलं.

"हलवा."

"मी?"

"तुम्हीच. असं आडवं धरा. मधे मधे उलटं करून तोटी उघडा, म्हणजे आतली हवा सुटेल."

भाता चालवलेले ते हात. त्यांनी नरसाळं असं धरलं की जणू नवजात बाळ आहे. आधी हळू, मग जोरात. तोटीतून फुस्स आवाज आला तेव्हा ते दचकले आणि मग स्वतःशीच हसले. खिडकीच्या टेबलावरची मुलंही येऊन उभी राहिली. मॅडम दारात होत्या.

नरसाळं स्टँडला लावलं. आधी सगळं गढूळ दिसलं. मग मधली रेघ स्पष्ट झाली. वरचं तेल हिरवं राहिलं नव्हतं. मधाच्या रंगाचं झालं होतं, काचेच्या उपकरणातल्या थेंबांसारखं. खालचं पाणी अगदी फिकट निळसर.

"तांबं कुठं गेलं?" अब्बांनी विचारलं.

मी खालचं पाणी एका चंचुपात्रात सोडलं आणि त्यात अमोनियाचे थेंब टाकले. पाणी गडद निळं झालं, शाईच्या दौतीसारखं.

अब्बांनी ते पात्र उजेडात धरलं. अमोनियाच्या वासानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नवसागराचं काम करणाऱ्या माणसाला तो वास नवा नव्हता. त्यांनी पात्र खाली ठेवलं नाही.

"हे माज्या नळीचं तांबं?"

"तुमच्याच नळीचं."

"नळीतनं तेलात गेलं. तेलातनं पाण्यात आलं." त्यांनी पात्र थोडं फिरवून बघितलं. "म्हंजे तू हे करतीस व्हय रोज."

"हेच करते, अब्बा."

"मग आधी असं दाखवायचं न्हाईस का गं. नुसतं सांगत बसलीस."

मॅडम पुढं आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, हिच्या प्रबंधाला एक प्रकरण कमी पडत होतं. तुमच्या नळीनं ते दिलं." खरोखरच तसं झालं. वाळ्याच्या तेलातलं आम्ल कोणकोणत्या धातूंना उचलतं, कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे मी पुढं वर्षभर तपासलं. सगळ्यांना ते सारखं उचलत नाही, आणि त्यातच त्याचं महत्त्व आहे. भिंतीकडच्या टेबलावर मासळीचा वास येईनासा झाला. अम्मी माझे कपडे इतर कपड्यांबरोबर भिजवू लागली. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बायका विचारायला लागल्या, कुठलं अत्तर हो हे.

त्या प्रश्नावरून अब्बांनाच सुचलं की त्यांच्या ओळखीच्या अत्तरवाल्या चाचांना तेल दाखवावं. आम्ही दोन कुप्या घेऊन गेलो. एका कुपीत मी साफ केलेलं तेल, दुसरीत थोडंसं ठेवून दिलेलं हिरवं. चाचांचं दुकान म्हणजे दोन माणसं बसली की भरलं. मी अभिमानानं आधी साफ केलेलं पुढं केलं. त्यांनी काडी बुडवून मनगटावर लावलं, डोळे मिटून हुंगलं.

"अच्छा हाय," ते म्हणाले. "पण रंग कुठं गेला?"

मी सांगितलं की तो तांब्याचा रंग होता, मोठ्या कष्टानं काढला.

"काढला?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कुणाच्या बागेतली फुलं तोडून आलेय. मग अब्बांनी गुपचूप दुसरी कुपी काढली. ती बघताच चाचांचा चेहरा खुलला. "ही बघ. ही रूह. खसची रूह हिरवीच असती." वाळ्याच्या अस्सल तेलाला अत्तरवाले खसची रूह म्हणतात.

"चाचा, ते तांबं आहे," मी पुन्हा म्हणाले.

"असू दे की. आमी तांब्याच्या देगेतलीच घेत आलो."

मी वाद घालायला सरसावले. मॅडमची विद्यार्थिनी होते शेवटी. रंग काढल्यानं वास बदलत नाही, हे मी त्यांना डोळे मिटून दोन्ही कुप्या हुंगायला लावून दाखवलं. त्यांना खरोखरच ओळखता आलं नाही. डोळे उघडल्यावर त्यांनी तरीही हिरवीच कुपी उचलली. अब्बा इतके हसले की स्टुलावरून घसरायचे राहिले. परत येताना रस्ताभर ते मधेच म्हणायचे, "रंग कुठं गेला?" आणि पुन्हा हसायचे.

त्या कामानंतरच्या उन्हाळ्यात मला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेला अब्बा शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तांबं नेमकं कुठून आलं असं विचारलं, तेव्हा मी उत्तर देण्याआधीच मॅडमनी मागं बोट दाखवलं, आणि सगळ्या खोलीनं वळून माझ्या वडिलांकडं बघितलं. ते उठून उभे राहिले, सलाम केला आणि बसले.

आता मी एका कॉलेजात शिकवते. आणि अब्बांचा भाता दुपारनंतरही चालू असतो. तेल काढायचं भांडं बनवून मिळतं ही बातमी मॅडमच्या भावानं गडहिंग्लजच्या बाजारात सांगितली आणि तिथून ती पसरली. कुणी गवती चहा लावलेला असतो, कुणी वाळा. गेल्या महिन्यात मी घरी होते तेव्हा बिद्रीकडचे एक ऊसवाले शेतकरी आले होते. कडेच्या तुकड्यात त्यांनी गवती चहा लावला होता. त्यांना सगळंच तांब्याचं हवं होतं, चकाचक.

"पावणं, बसा," अब्बा म्हणाले. "भांडं तांब्याचं देतो, आतनं कल्हई करून. नळी स्टीलची घ्या."

"का ओ? तांब्याची शोभून दिसतीया."

"दिसतीया की. पण तेलात आम्ल असतंय. ते नळीतलं तांबं उचलतंय, आन तेल हिरवं हुतंय. मग ते काढायचं म्हंजे पुन्ना पाण्यात उतरवायचं. लई हलवायला लागतंय."

शेतकऱ्यानं आदरानं मान हलवली. "तुमी कुठं शिकलासा हे?"

"विद्यापीठात," अब्बा म्हणाले आणि माझ्याकडं न बघता पत्र्यावर हातोडी मारायला लागले.